सोमेश्वर तिसरा

सोमेश्वर तिसरा (राज्यकाळ : सुमारे इ.स. ११२६ ते इ.स. ११३८) हा कल्याणीच्या चालुक्य घराण्यातील राजा आणि मानसोल्लास या संस्कृत ज्ञानकोशाचा कर्ता होता. भूलोकमल्ल आणि सर्वज्ञ ही त्याची बिरुदे होती. राज्यविस्तारापेक्षा ग्रंथकर्तृत्वामुळे तो अधिक ओळखला जातो. राजनीतीपासून पाककलेपर्यंत आणि धनुर्विद्येपासून गायनापर्यंत अनेक विषयांची व्यवस्थित मांडणी करणाऱ्या त्याच्या ग्रंथात बाराव्या शतकातील दख्खनच्या जीवनाचे तपशीलवार चित्र आढळते. मृगया म्हणजे शिकार आणि तीत लागणारे नेमबाजीचे कौशल्य हा त्या चित्राचा एक महत्त्वाचा भाग आहे.

घराणे व राज्यारोहण

सोमेश्वर हा सहाव्या विक्रमादित्याचा पुत्र होय. विक्रमादित्याने इ.स. १०७६ मध्ये चालुक्य-विक्रम संवत सुरू केला आणि सुमारे पन्नास वर्षे राज्य केले. विक्रमांकदेवचरित लिहिणारा काश्मिरी कवी बिल्हण आणि याज्ञवल्क्यस्मृतीवर मिताक्षरा ही टीका लिहिणारा विज्ञानेश्वर हे दोघे त्याच्या राजवटीशी संबंधित होते. अशा विद्यासंपन्न वातावरणात सोमेश्वराची जडणघडण झाली. पित्यानंतर तो गादीवर आला, तेव्हा त्याचे वय बरेच झालेले असावे.

घराण्याची राजधानी कल्याणी म्हणजे आजच्या कर्नाटकातील बिदर जिल्ह्यातील बसवकल्याण होय. हे गाव धाराशिव जिल्ह्याच्या उमरगा तालुक्यालगतच्या प्रदेशात आहे. आजचा धाराशिव जिल्हा त्या काळी राजधानीच्या निकटचा मुलूख होता. प्राचीन व्यापारी नगर तगर म्हणजे आजचे तेर याच जिल्ह्यात आहे. नळदुर्गचा किल्लाही मूळचा कल्याणीच्या चालुक्यांच्या मांडलिकाकडे असावा, असे मानले जाते.

राज्यकारभार

सोमेश्वराने आपल्या राज्यारोहणापासून भूलोकमल्ल वर्ष ही स्वतंत्र कालगणना वापरली. त्याच्या कारकिर्दीत साम्राज्याचा मोठा भाग टिकून राहिला, तरी मांडलिकांवरील पकड सैल होऊ लागली. दक्षिणेत होयसळ राजा विष्णुवर्धन प्रबळ झाला होता. पूर्वेकडील वेंगीच्या प्रदेशावरील चालुक्यांचे वर्चस्वही संपुष्टात आले. सोमेश्वरानंतर त्याचा पुत्र दुसरा जगदेकमल्ल गादीवर आला. पुढे दोन दशकांच्या आसपास कलचुरी बिज्जलाने कल्याणीची सत्ता बळकावली. बाराव्या शतकाच्या अखेरीस देवगिरीचे यादव आणि होयसळ यांनी चालुक्यांचे राज्य वाटून घेतले. ग्रंथात रमलेला राजा राज्य सांभाळण्यात कमी पडला, असा आक्षेप सोमेश्वरावर घेतला जातो तो या पार्श्वभूमीवर. मात्र सामंतांचे बळ त्याच्या पित्याच्या काळापासूनच वाढत होते, ही गोष्टही लक्षात घ्यावी लागते.

मानसोल्लास

मानसोल्लास या ग्रंथाचे दुसरे नाव अभिलषितार्थचिंतामणी असे आहे. त्यातील ज्योतिषविषयक गणितात शके १०५१ या वर्षाचा निर्देश असल्याने त्याचा काळ इ.स. ११२९ च्या सुमारास निश्चित होतो. ग्रंथाचे पाच विभाग असून प्रत्येकात वीस अध्याय आहेत. म्हणून त्या विभागांना विंशती म्हणतात. राज्यप्राप्तीची साधने, राज्य स्थिर करण्याचे उपाय, राजाचे उपभोग, विनोद आणि क्रीडा असे त्यांचे क्रमाने विषय आहेत. येथे विनोद या शब्दाचा अर्थ मनोरंजन असा आहे. पित्याच्या जीवनावर सोमेश्वराने विक्रमांकाभ्युदय हा ग्रंथही लिहावयास घेतला होता. तो अपूर्ण स्थितीत उपलब्ध आहे.

धनुर्विद्या आणि मृगया

विनोदांच्या विभागाचा आरंभ शस्त्रविनोदाने होतो. राजाने प्रेक्षकांसमोर शस्त्रकौशल्य दाखवावे, अशी त्यामागील कल्पना आहे. पुढे हत्ती व घोडे यांचे खेळ, मल्लयुद्ध, प्राणी व पक्षी यांच्या झुंजी आणि श्वान, ससाणा व मासेमारी यांवरील अध्याय येतात. त्यानंतर मृगयाविनोद हा अध्याय आहे. पाणवठ्याजवळ दबा धरणे, माणसाळवलेल्या हरणाच्या साहाय्याने रानातील हरणांना जवळ आणणे आणि चित्त्याकडून शिकार करविणे अशा पद्धतींचा त्यात विचार केलेला आहे.

या पद्धतींचे मर्म समजण्यासाठी धनुर्वेदाच्या परंपरेतील लक्ष्यविचार उपयोगी पडतो. त्या परंपरेत लक्ष्याचे चार प्रकार मानले जातात. धनुर्धर आणि लक्ष्य दोन्ही स्थिर असतील तर स्थिर, फक्त लक्ष्य हलत असेल तर चल, फक्त धनुर्धर हलत असेल तर चलाचल आणि दोन्ही हलत असतील तर द्वयचल. पळत्या हरणाचा घोड्यावरून पाठलाग करणे हा सर्वांत अवघड म्हणजे द्वयचल प्रकार झाला. पाणवठ्यावर लपून बसलेला शिकारी मात्र पाणी पिण्यास थांबलेल्या हरणाला स्थिर लक्ष्य बनवतो. कठीण नेम सोपा करून घेणे हाच दबा धरण्याचा हेतू असतो.

त्या काळच्या धनुष्यावर नेम धरण्यासाठी वेगळे साधन नसे. पायांची ठेवण, मुठीची पकड, प्रत्यंचा ओढण्याची ठरावीक जागा आणि अंतर ओळखण्याची सवय यांवरच सारी भिस्त असे. म्हणूनच धनुर्वेदात स्थान म्हणजे उभे राहण्याची रीत, मुष्टी आणि कर्षण यांचे प्रकार बारकाईने सांगितलेले असतात. आजच्या धनुष्यांवर साइट नावाचे साधन बसवतात. तिच्यावर लहान पिना असतात आणि प्रत्येक पिन ठरावीक अंतरासाठी जुळवलेली असते. साधन बदलले तरी मूळ अडचण तीच राहते. उंचावरून, उदाहरणार्थ झाडावरील मचाणावरून, बाण सोडताना डोळ्याला दिसणारे तिरके अंतर धरले तर बाण लक्ष्याच्या वरून जातो. कारण बाण किती खाली येईल हे मुख्यतः जमिनीवरील आडव्या अंतरावर ठरते. म्हणून मचाणावरच्या धनुर्धराला साइटच्या पिना जमिनीवर जुळवून भागत नाही. प्रत्यक्ष बसावयाच्या उंचीवरून त्या पडताळून पाहाव्या लागतात. साइट नसलेल्या धनुर्धराला हाच हिशेब सरावाने अंगवळणी पाडावा लागे.

या अध्यायाकडे पाहताना ग्रंथातील एक अंतर्विरोध जाणवतो. पहिल्या विंशतीत राजाने पाळावयाच्या आचारांमध्ये परद्रोह टाळणे आणि शरण आलेल्याचे रक्षण करणे यांचा समावेश आहे. चौथ्या विंशतीत तोच राजा विश्वासाने पाण्यावर आलेल्या हरणावर नेम धरतो. सोमेश्वराच्या काळी मृगया हा क्षत्रियाचा मान्य विनोद होता. त्यामुळे ही विसंगती ग्रंथकर्त्याला जाणवली नसावी. आज भारतात इ.स. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने अशा शिकारीस बंदी आहे. काळविटाला या कायद्याने सर्वोच्च दर्जाचे संरक्षण दिलेले आहे. धाराशिव जिल्ह्यातील येडशी रामलिंग घाट हे वनक्षेत्र आता अभयारण्य आहे. त्यामुळे मृगयाविनोद हा अध्याय आज शिकारीचा मार्गदर्शक म्हणून नव्हे, तर त्या काळातील वन्यप्राण्यांच्या सवयींचे निरीक्षण आणि राजजीवनाचा पुरावा म्हणून वाचला जातो.

मराठीच्या दृष्टीने महत्त्व

मराठी भाषेच्या अभ्यासकांना हा ग्रंथ विशेष मोलाचा वाटतो. गीतविनोदात निरनिराळ्या देशभाषांतील गीतांचे नमुने असून त्यांत मराठीचाही समावेश आहे. महाराष्ट्रातील स्त्रिया कांडण करताना ओवी गातात, असा उल्लेखही ग्रंथात आहे. ज्ञानेश्वरीच्या सुमारे दीडशे वर्षे आधीचा हा निर्देश ओवी या छंदाचे लोकजीवनातील मूळ दाखवतो. अन्नविषयक अध्यायात मांडे, वडे आणि इडलीशी नाते सांगणारे पदार्थ आढळतात.

ग्रंथाचे प्रकाशन

मानसोल्लासाची संहिता बडोद्याच्या गायकवाड प्राच्य ग्रंथमालेत गजानन श्रीगोंदेकर यांच्या संपादनाखाली तीन खंडांत प्रसिद्ध झाली. पहिला खंड इ.स. १९२५ मध्ये निघाला. म्हैसूर येथूनही अभिलषितार्थचिंतामणी या नावाने तिचा काही भाग प्रकाशित झाला.

मूल्यमापन

सोमेश्वराने जिंकलेल्या लढायांची यादी मोठी नाही आणि त्याच्यानंतर अर्ध्या शतकातच त्याचे घराणे लयास गेले. तथापि राजाच्या दिनक्रमाबरोबर स्वयंपाकी, माहूत, मल्ल, पारधी आणि कांडण करणाऱ्या स्त्रिया यांच्या ज्ञानालाही त्याने ग्रंथात स्थान दिले. कल्याणीच्या परिसरातील, म्हणजेच आजच्या मराठवाडा आणि उत्तर कर्नाटकाच्या सीमाभागातील, बाराव्या शतकाचा सामाजिक इतिहास लिहिताना मानसोल्लास वगळून पुढे जाता येत नाही. या राजाचे स्थान त्या ग्रंथानेच निश्चित केलेले आहे.