कवळाण्याचा गोपाळ आणि बडोद्याची शाळा

नाशिक जिल्ह्यात मालेगावजवळ कवळाणे नावाचे एक लहान गाव आहे. गायकवाड घराण्याच्या एका दूरच्या शाखेतील काशीराव तेथे शेती करीत असत. त्यांच्या घरी ११ मार्च १८६३ रोजी गोपाळ जन्मला. शेतकऱ्याच्या मुलाचे बालपण जसे शिवारात आणि गुराढोरांत जाते तसेच त्याचेही गेले. वयाच्या बाराव्या वर्षापर्यंत त्याची अक्षरांशी फारशी ओळख झाली नव्हती. त्या काळच्या हिशोबाने या मुलाचे शिक्षण होण्याआधीच संपल्यासारखे होते.

१८७५ साली बडोद्याचे मल्हारराव गायकवाड इंग्रज सरकारकडून पदच्युत झाले. खंडेराव महाराजांच्या विधवा महाराणी जमनाबाई यांना दत्तक घेण्याची अनुमती मिळाली आणि घराण्यातील मुलांचा शोध सुरू झाला. कवळाण्याहून काशीरावांची मुले बडोद्यास आणली गेली, त्यांतून गोपाळची निवड झाली आणि २७ मे १८७५ रोजी दत्तकविधान होऊन तो सयाजीराव झाला.

त्यानंतरच्या सहा वर्षांत जे घडले ते शिक्षणाचा विचार करणाऱ्या कोणालाही बोधप्रद वाटेल. एफ. ए. एच. इलियट हे इंग्रज अधिकारी त्यांचे शिक्षक नेमले गेले. सोबत शिकण्यासाठी बरोबरीची मुले दिली गेली. मराठी, गुजराती, उर्दू आणि इंग्रजी या चार भाषांचा अभ्यास एकाच वेळी सुरू झाला. पुढे दिवाण सर टी. माधवराव यांनी राज्यकारभारावर त्यांना स्वतः व्याख्याने दिली. नियमित जेवण, व्यायाम, अभ्यासाची ठरलेली वेळ आणि घरकामापासून पूर्ण मुक्तता हे सारे त्यात आलेच. २८ डिसेंबर १८८१ रोजी वयाच्या एकोणिसाव्या वर्षी राज्याची सूत्रे हाती घेतली तेव्हा हा तरुण कागदपत्रे स्वतः वाचून निर्णय देण्यास समर्थ झाला होता. पुढे वाचनाचे व्यसन जडलेला राजा म्हणून त्यांची ख्याती झाली.

कवळाण्याच्या गोपाळची बुद्धी बडोद्याच्या वेशीत शिरताना बदलली नव्हती. बदलली होती ती परिस्थिती. आपल्याला जे अकस्मात लाभले ते राज्यातील बाकीच्या गोपाळांना लाभलेले नाही, याची जाणीव सयाजीरावांच्या पुढील कारभारात पावलोपावली दिसते. सत्ता हाती येताच त्यांनी अंत्यजांसाठी सरकारी शाळा काढण्यास आरंभ केला. स्पृश्य समाजाच्या विरोधामुळे या शाळा वेगळ्या ठेवाव्या लागल्या. सवर्ण हिंदू शिक्षक तेथे शिकवण्यास तयार होईनात, म्हणून मुसलमान शिक्षक नेमले गेले. पुढे १९०८ साली आर्यसमाजाचे पंडित आत्माराम यांना पंजाबातून बोलावून या शाळांची आणि वसतिगृहांची व्यवस्था त्यांच्याकडे सोपवण्यात आली.

१८९३ साली अमरेली शहर व परिसरातील काही गावांत सक्तीच्या आणि मोफत प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग झाला. एवढ्या लहान प्रदेशापासून सुरुवात करण्यात धोरण होते. शाळा बांधणे, शिक्षक मिळवणे आणि पालकांची मनोवृत्ती जोखणे ही कामे वेळ खाणारी होती. तेरा वर्षांच्या अनुभवानंतर १९०६ साली हा कायदा संपूर्ण राज्यास लागू झाला. ब्रिटिश हिंदुस्थानात तेव्हा असे काही नव्हते. गोपाळ कृष्ण गोखले यांनी १९११ साली मध्यवर्ती कायदेमंडळात प्राथमिक शिक्षणाचे विधेयक मांडले तेव्हा बडोद्याचा दाखला त्यांच्या हाती होता. ते विधेयक १९१२ साली फेटाळले गेले. एका संस्थानिकाने जे करून दाखवले होते, त्याची जबाबदारी घेण्यास साम्राज्य तयार झाले नाही.

तथापि, शाळेचे दार उघडले म्हणजे सर्व मुले सारखीच शिकतात असे नाही, हेही बडोद्यानेच दाखवले. फी माफ झाली तरी मुलाची मजुरी बुडत होती. गुरे कोण राखणार, धाकट्या भावंडाला कोण सांभाळणार, सुगीच्या दिवसांत शेतावर कोण जाणार, हे प्रश्न कायद्याने सुटले नाहीत. गैरहजर मुलांच्या पालकांना दंड होत असे. सावकार किंवा कारकुनाच्या घरास तो दंड भरण्याची वेळ क्वचितच येई, कारण तेथील मुले आधीपासूनच शाळेत होती. तो भार पडे मुख्यतः ज्यांना मुलाच्या दोन हातांची खरोखर गरज होती त्यांच्यावर. मुलींच्या बाबतीत सक्तीची वयोमर्यादा मुलांपेक्षा आधीच संपत असे, कारण त्या वयातच लग्नाची बोलणी सुरू होत. १९०४ साली बालविवाह प्रतिबंधक कायदा करून महाराजांनी त्या मुळाशीही हात घातला. महाराणी चिमणाबाई (दुसऱ्या) यांनी स्त्रीशिक्षणाचा हा पक्ष पुढे नेला आणि १९२७ साली अखिल भारतीय महिला परिषदेच्या पहिल्या अधिवेशनाचे अध्यक्षपद भूषवले.

शाळा सोडल्यावर पुस्तकच दृष्टीस न पडल्याने अक्षरे विसरणारी मुले हा आणखी एक प्रश्न होता. ज्या घरात वाचणारे कोणी नाही तेथे चार इयत्तांची शिदोरी फार दिवस पुरत नसे. त्यावर उपाय म्हणून १९१० साली अमेरिकेहून विल्यम बोर्डन यांना आणून ग्रंथालयांची व्यवस्था लावण्यात आली. मध्यवर्ती ग्रंथालयाच्या जोडीला गावोगावी वाचनालये झाली आणि पुस्तकांच्या पेट्या खेड्यांत फिरू लागल्या. हाताला कौशल्य मिळावे म्हणून कलाभवन १८९० सालीच सुरू झाले होते.

महाराजांच्या शिष्यवृत्तीचे सर्वांत तेजस्वी फळ म्हणजे डॉ. भीमराव आंबेडकर. १९१३ साली बडोद्याच्या साहाय्याने ते न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले. १९१७ साली करारानुसार ते बडोद्याच्या सेवेत परतले, तेव्हा या शहरात त्यांना राहण्यास जागा मिळाली नाही. पारशी पथिकाश्रमातून त्यांना हुसकावण्यात आले, कचेरीत शिपायांनीही विटाळ पाळला आणि अल्पावधीतच त्यांना बडोदे सोडावे लागले. राजाची शिष्यवृत्ती एका विद्यार्थ्याला सातासमुद्रापलीकडे पोहोचवू शकली, परंतु त्याच राजाच्या राजधानीत त्याला एक खोली मिळवून देऊ शकली नाही. बडोद्यात मराठी शाळा आणि मराठी संस्था अभिमानाने चालवणाऱ्या आपल्या समाजाने हे पान उलटून पुढे जाणे योग्य नव्हे. त्या दिवसांत दार बंद करणाऱ्यांत सर्व भाषांचे लोक होते.

६ फेब्रुवारी १९३९ रोजी मुंबईत महाराजांचे निधन झाले. दहा वर्षांनी, १९४९ साली, त्यांच्या नावाचे विद्यापीठ बडोद्यात उभे राहिले. सहा ते चौदा वयाच्या प्रत्येक मुलाला शिक्षणाचा हक्क देणारा देशाचा कायदा मात्र २०१० साली अमलात आला. बडोद्याच्या कायद्यानंतर एकशे चार वर्षांनी.

आज निकालाच्या दिवशी कोणाला किती गुण मिळाले याची चर्चा घरोघरी होते. मागे राहिलेल्या मुलास आपण सहज मंद किंवा आळशी ठरवतो. त्याला अभ्यासास जागा होती का, घरी शिकवणारे कोणी होते का, शाळा सुटल्यावर त्याला कामावर जावे लागत होते का, हे विचारण्याची तसदी क्वचितच घेतली जाते. १८७५ च्या वसंतात कवळाण्यातील बारा वर्षांच्या गोपाळची परीक्षा घेतली असती तर तोही नापासच झाला असता.