गास्तों प्लान्ते : आपल्या बोनेटखालचा माणूस

एडिसन आणि टेस्ला यांची पोस्टर्स होस्टेलच्या भिंतींवर असतात. गास्तों प्लान्ते यांचं पोस्टर मी अजून कुठेच पाहिलेलं नाही. पण पार्किंगमधल्या जवळपास प्रत्येक गाडीच्या बोनेटखाली त्यांचंच काम बसलेलं आहे!

प्लान्ते यांचा जन्म १८३४ सालचा, फ्रान्समधल्या ऑर्थेझ गावचा. १८५४ पासून ते पॅरिसच्या एका नामांकित तंत्रसंस्थेत भौतिकशास्त्राचे लेक्चर असिस्टंट होते. १८५५ मध्ये त्यांना पॅरिसजवळ एका अवाढव्य प्राचीन पक्ष्याचे अवशेष सापडले. त्या पक्ष्याला त्यांच्याच नावावरून गॅस्टॉर्निस म्हणतात.

तेव्हाची बॅटरी संपली की संपली. १८५९ साली प्लान्ते यांनी शिशाचे दोन पत्रे मध्ये अंतर राखून एकत्र गुंडाळले आणि सौम्य गंधकाम्लात बुडवले. ही बॅटरी पुन्हा पुन्हा चार्ज होऊ लागली! १८६० मध्ये अशा नऊ सेलची बॅटरी त्यांनी फ्रेंच विज्ञान अकादमीसमोर मांडली. पण चांगला डायनॅमोच नव्हता, त्यामुळे तीही दुसऱ्या बॅटऱ्यांवर चार्ज करावी लागे. शोध बरीच वर्षं प्रयोगशाळेतच राहिला. प्लान्ते मात्र तिच्या ठिणग्यांवरून आकाशातल्या विजेचा अभ्यास करत राहिले. १८८९ साली ते वारले. गाडीचं हँडल मारण्याचा त्रास वाचवणारा इलेक्ट्रिक स्टार्टर कॅडिलॅकमध्ये आला १९१२ साली. तो पाहायला ते नव्हते.

या बॅटरीचा मोठा गुण म्हणजे कमी अंतर्गत रेझिस्टन्स. म्हणून ती काही सेकंद शेकडो अँपिअर देऊ शकते आणि इंजिन फिरतं. धोकाही नेमका तिथेच आहे. १२ व्होल्टचा शॉक सहसा जाणवत नाही, पण शॉर्ट झाला तर पाना लाल होतो, हातातली अंगठी भाजते.

मुलुंडला आमच्या सोसायटीत मे महिन्यात लोक गावी जातात. गाड्या उभ्या राहून बॅटऱ्या उतरतात. मग रविवारी एखादे काका पाना घेऊन खाली येतात आणि आधी लाल वायरला हात घालतात. गाडीची बॉडी मायनसला जोडलेली असते. लाल सोडवताना पाना बॉडीला लागला की सरळ शॉर्ट! आधी काळी वायर सोडवली, तर मग पाना बॉडीला लागला तरी सर्किट पूर्ण होत नाही.

म्हणून क्रम असा. इंजिन आणि दिवे बंद, किल्ली बाहेर. अंगठी, कडं, घड्याळ काढा. हातमोजे आणि चष्मा घाला. चार्जिंगमध्ये हायड्रोजन निघतो, तेव्हा जवळ काडी किंवा सिगारेट नको. आधी काळी, मग लाल, शेवटी क्लॅम्प. बॅटरी जड असते, सरळच उचला, तिरकी केली तर ॲसिड सांडेल. अंगावर उडालंच तर भरपूर पाण्याने धुवा, डोळ्यात गेलं तर धुऊन लगेच डॉक्टरकडे. बसवताना उलट : आधी लाल, शेवटी काळी. जुनी बॅटरी भंगारात न टाकता दुकानदाराला परत द्या, आत शिसं आहे.

सुट्टीत घरी गेलात की एवढं आपापल्या काकांना जरूर सांगा!