फुलं आणायला निघालेली बाई

कॉलेजात असताना ‘मिसेस डॅलोवे’ ही कादंबरी मी अर्ध्यावरच टाकून दिली होती. लंडनमधल्या एका खासदाराची बायको सकाळी फुलं आणायला निघते, रात्री तिच्या घरी मेजवानी होते. यात घडतं काय? पन्नाशीत ती पुन्हा हाती घेतली. दरम्यान किती तरी गौरीजेवणं माझ्या हातून पार पडली होती. पाहुण्यांना आग्रहानं वाढताना मन कुठल्या कुठे असतं, ते कळलं होतं. मग लेखिकेचं, व्हर्जिनिया वुल्फचं, आयुष्यही शोधून वाचलं.

ती 1882 साली लंडनमध्ये जन्मली. वडील लेस्ली स्टीफन मोठ्या चरित्रकोशाचे संपादक. आई ज्युलियाचा जन्म मात्र आपल्या कलकत्त्याचा. भाऊ केंब्रिजला गेले. ही मुख्यतः वडिलांच्या पुस्तकांवर शिकली. तेराव्या वर्षी आई गेली आणि मनाच्या आजारानं डोकं वर काढलं. 1904 मध्ये वडील गेले, तेव्हा तिनं खिडकीतून उडी घेतली. वाचली. डॉक्टरांचं सांगणं एकच: पडून राहा, दूध प्या, लिहू नका.

1912 मध्ये लेनर्ड वुल्फशी तिचं लग्न झालं. 1917 मध्ये दोघांनी हातानं चालवायचं छपाईयंत्र घरी आणलं. त्यातूनच त्यांची प्रकाशनसंस्था उभी राहिली आणि 1925 मध्ये तिनंच ‘मिसेस डॅलोवे’ काढली.

कादंबरीच्या शेवटी नायिका क्लॅरिसानंच मरावं, असं आधी व्हर्जिनियाच्या मनात होतं. मग तिनं सेप्टिमस उभा केला: पहिल्या महायुद्धातून मन मोडून परतलेला तरुण. आपला आजार, डॉक्टरांवरचा राग, ती खिडकीसुद्धा तिनं त्याला दिली. क्लॅरिसाची आणि त्याची कधी भेटही होत नाही. त्याच्या मरणाची बातमी भर मेजवानीत येते. क्लॅरिसा घटकाभर एकटीच दुसऱ्या खोलीत जाऊन उभी राहते आणि पुन्हा पाहुण्यांत येते. मला जिथं काहीच घडताना दिसलं नव्हतं, तिथं एक बाई मरणाच्या दारातून परतली होती.

व्हर्जिनिया स्वतः परतू शकली नाही. 28 मार्च 1941 रोजी, वयाच्या 59व्या वर्षी, तिनं ऊझ नदीत आयुष्य संपवलं. लोक बोलतात ते बहुधा त्याविषयीच. मला मात्र तिनं क्लॅरिसाला दिलेली ती रिकामी खोली आठवते.

गेल्या गौरींना ऐन पंक्तीत सून आत जाऊन बसली. पूर्वी मी हाक मारली असती. या वेळी दार हलकेच लोटलं आणि वाढायला मीच उठले.