काउंटरपलीकडचा प्रोफेसर

दोन चांदीचे मग. एका मगात स्कॉच व्हिस्की आणि तितकेच उकळते पाणी. त्याला काडी लावायची आणि पेटते मद्य या मगातून त्या मगात चार-पाच वेळा ओतायचे. हात सरावाचा असेल तर दोन्ही मगांच्या मध्ये निळ्या ज्वाळेची अखंड धार दिसते. नसेल तर मनगट भाजते. शेवटी चमचाभर पिठीसाखर, लिंबाच्या सालीचा तुकडा, आणि पेला गिऱ्हाइकापुढे. ‘ब्लू ब्लेझर’ नावाच्या या पेयाशी ज्याचे नाव कायमचे जोडले गेले, तो अमेरिकी बारटेंडर जेरी थॉमस. लोक त्याला ‘प्रोफेसर’ म्हणत. ही पदवी कोणत्याही विद्यापीठाची नव्हती. पण आपल्या विद्येवर पाठ्यपुस्तक लिहिणारा तो या धंद्यातला पहिला अमेरिकी माणूस ठरला, हे पाहता ती अगदीच अनाठायी म्हणता येत नाही.

थॉमसचा जन्म १८३०च्या सुमाराचा, न्यूयॉर्क राज्यात ऑन्टारिओ सरोवराच्या काठी असलेल्या सॅकेट्स हार्बर या गावचा. कोवळ्या वयातच तो कनेक्टिकटमधील न्यू हेवनला बारचे काम शिकला. शिकला म्हणजे उस्तादाच्या शेजारी उभा राहून पाहत गेला. पुस्तक नव्हते, मापे ठरलेली नव्हती. कोणत्या मद्यात साखर किती, कडवट बिटर्सचे थेंब किती, हे प्रत्येक जण आपापल्या डोक्यात ठेवी आणि सहसा दुसऱ्याला सांगत नसे.

पुढे कॅलिफोर्नियातील सोन्याच्या बातम्या पूर्व किनाऱ्यावर पोहोचल्या आणि हजारो तरुणांप्रमाणे थॉमसनेही जहाज गाठले. तेथे त्याने सोने शोधले, बारमध्ये काम केले आणि गाण्याबजावण्याचे खेळ करणाऱ्या मंडळींची व्यवस्थाही पाहिली. १८५१ मध्ये तो न्यूयॉर्कला परतला आणि पी. टी. बार्नम यांच्या प्रसिद्ध अमेरिकन म्युझियमच्या खाली त्याने आपला पहिला बार उघडला. वर बार्नम यांचा अजब गोष्टींचा बाजार आणि खाली थॉमसचा. प्रदर्शन मांडून माणसे जमवण्याची कला त्याने या शेजारातून उचलली की मुळातच त्याच्या अंगी होती, हा कुतूहलाचा प्रश्न आहे.

त्या काळी हा धंदा भरभराटीला आला, त्यामागे बर्फाचा मोठा वाटा होता. न्यू इंग्लंडमधील गोठलेल्या तळ्यांतून करवतीने कापलेल्या लाद्या भुशात गुंडाळून जगभर जात. याच व्यापाऱ्यांचा बर्फ १८३०च्या दशकात जहाजाने मुंबईलाही उतरला आणि तो साठवण्यासाठी कोटात खास बर्फघर उभे राहिले. मुंबईत तो श्रीमंतांच्या मेजवानीची चैन होता. न्यूयॉर्कमध्ये मात्र तो उन्हाळ्यात सर्वसामान्य गिऱ्हाइकाच्या पेल्यातही पडू लागला. थंडगार ज्युलेप, कॉब्लर, सावर ही सारी पेये त्या बर्फाचीच अपत्ये. थॉमससारख्या हुशार माणसाला काउंटरमागे उभे राहून नाव काढता आले, ते अशा काळात.

पहिल्या बारनंतर तो काही वर्षे फिरतीवर होता. सेंट लुइस, शिकागो, चार्ल्सटन, न्यू ऑर्लिन्स येथील हॉटेलांत आणि मद्यालयांत त्याने मुख्य बारटेंडर म्हणून काम केले. शुद्ध चांदीची हत्यारे बरोबर घेऊन तो युरोपही फिरून आला. अंगावर झगझगीत दागिने, हातात मऊ कातड्याचे मोजे, खिशात पॅरिसचे सोन्याचे घड्याळ असा त्याचा थाट असे. बाटल्या आणि पेले हवेत झेलत तो पेये बनवी. हा दिखाऊपणा होता, यात शंका नाही. पण काउंटरमागचा माणूस म्हणजे मालकाचा नोकर अशी समजूत असलेल्या काळात आपणही कलावंत आहोत, हे गिऱ्हाइकाच्या डोळ्यांना पटवण्याचा दुसरा मार्ग त्याच्यापाशी नव्हता.

मार्ग सापडला तो १८६२ मध्ये. न्यूयॉर्कच्या डिक अँड फिट्झजेराल्ड या प्रकाशनसंस्थेने त्याचे ‘हाउ टू मिक्स ड्रिंक्स’ हे पुस्तक प्रसिद्ध केले. मिश्र मद्यांच्या कृती सांगणारे अमेरिकेत छापले गेलेले हे पहिले पुस्तक मानले जाते. इतरांनी मुठीत झाकून ठेवलेले त्याने उघड केले. पुस्तकाचा आरंभ पंचाने होतो. ‘पंच’ हा शब्द आपल्याकडील ‘पाच’वरून, म्हणजे मद्य, साखर, लिंबू, पाणी आणि मसाला या पाच जिनसांवरून गेला, असे पूर्वापार सांगितले जाते, भाषातज्ज्ञांत त्यावर मतभेद असले तरी सतराव्या शतकात हिंदुस्थानात व्यापार करणाऱ्या युरोपीयांमुळे ते पेय पश्चिमेकडे रुळले, हे खरे. कॉकटेल या सदराखाली मात्र पुस्तकात जेमतेम दहाएक कृती आहेत. तेव्हा मद्य, साखर, पाणी आणि बिटर्स एवढ्याच मिश्रणाला हा शब्द लागू होता. त्यांतील ‘जपानी कॉकटेल’चा संबंध १८६० मध्ये न्यूयॉर्कला आलेल्या जपानी शिष्टमंडळाशी जोडला जातो.

पुस्तकाची भाषा रोखठोक आहे. ब्लू ब्लेझरची कृती देताना थॉमस नवशिक्याला बजावतो की हात पोळून घेऊ नये आणि ज्वाळेशी खेळण्याआधी बरेच दिवस थंड पाण्यावर सराव करावा. तमाशा करणाऱ्या माणसाची ही तळमळ शिक्षकाचीच होती.

यादवी युद्धाच्या दिवसांत तो पुन्हा सॅन फ्रान्सिस्कोत, ऑक्सिडेंटल हॉटेलच्या बारमध्ये दिसतो. तेथे त्याला आठवड्याला १०० डॉलर मिळत, असे सांगतात. युद्धाच्या पहिल्या वर्षांत उत्तरेच्या साध्या शिपायाचा पगार महिन्याला १३ डॉलर होता, एवढे ध्यानात घेतले म्हणजे त्या रकमेचे वजन कळते.

१८६६ मध्ये न्यूयॉर्कला परतून त्याने ब्रॉडवेवर, एकविसाव्या आणि बाविसाव्या रस्त्यांच्या दरम्यान, स्वतःचा बार उघडला. हाच त्याच्या आयुष्याचा कळस. भिंतींवर थॉमस नास्ट या गाजलेल्या व्यंगचित्रकाराची राजकारणी आणि नटमंडळींवरील चित्रे लावलेली होती. माणसाला लठ्ठ किंवा काडीसारखे दाखवणारे विनोदी आरसे होते. आपली टवाळी पाहायला बडी माणसे येत आणि पेला हाती घेऊन हसत बाहेर पडत. थॉमस चित्रांचा संग्राहक होता, मुष्टियुद्धांचा शौकीन होता आणि त्याला भोपळे वाढवण्याचाही छंद होता. सर्वांत मोठा भोपळा पिकवून तो न्यूयॉर्कच्या भोपळा क्लबचा अध्यक्ष झाला, ही नोंद वाचताना हसू आवरत नाही. सगळे जमून आले होते.

मग वॉल स्ट्रीटने गाठले. गुंत्याच्या मिश्रणांत एक थेंब इकडेतिकडे होऊ न देणारा हा माणूस शेअर बाजारात मात्र अंदाजावर पैसे लावत गेला. त्यात तो बुडाला. चालता बार विकावा लागला, हौसेने जमवलेली चित्रे लिलावात गेली. नव्या जागी पुन्हा बार थाटण्याचा प्रयत्न त्याने केला. पण जुनी गिऱ्हाइके तेथे वळली नाहीत. बारची कीर्ती माणसात असते की जागेत, याचे उत्तर त्याच्यापुरते तरी कडू निघाले. डिसेंबर १८८५ मध्ये मेंदूतील रक्तस्रावाच्या झटक्याने न्यूयॉर्कमध्ये त्याचे निधन झाले. वय ५५. वर्तमानपत्रांनी सविस्तर मृत्युलेख छापले. ब्राँक्समधील वुडलॉन दफनभूमीत त्याची कबर आहे.

१८८७ मध्ये, म्हणजे मृत्यूनंतर दोन वर्षांनी, पुस्तकाची वाढवलेली आवृत्ती निघाली. मार्टिनीचा पूर्वज समजल्या जाणाऱ्या ‘मार्टिनेझ’ची कृती तीत आहे. ते त्यानेच शोधले, अशी कथा पुढे पसरली. पण त्याच्या हयातीतील आवृत्त्यांत ते नाही. ‘टॉम अँड जेरी’ या अंडे घातलेल्या गरम पेयाचे जनकत्व तर तो स्वतःच सांगे. प्रत्यक्षात त्या पेयाचे उल्लेख तो जन्मण्यापूर्वीचे सापडतात. दंतकथांचा मोठा भाग १९२८ चा. दारूबंदीच्या काळात हर्बर्ट ॲस्बरी यांनी पुस्तक पुन्हा छापले आणि प्रस्तावनेत थॉमसचे असे रसभरित चरित्र रंगवले, की नंतरच्या संशोधकांना त्यातील खरे-खोटे वेगळे करत बसावे लागले.

बंदी १९३३ मध्ये उठली, पण तेरा वर्षांत जाणते हात पांगले होते. पुढे तयार मिश्रणे आणि नळीतून येणारा सोडा आला, ताज्या लिंबाचा रस पिळायला कोणाला वेळ उरला नाही. १९८७ मध्ये न्यूयॉर्कचे रेनबो रूम नव्याने उघडायचे ठरले, तेव्हा त्याचे चालक जो बॉम यांना जुन्या पद्धतीचा बार हवा होता. त्यांनी आपला बारटेंडर डेल डिग्रॉफ याला जेरी थॉमसचे पुस्तक शोधून काढायला सांगितले. डिग्रॉफला ते मिळाले. रेनबो रूमच्या काउंटरवर पुन्हा लिंबे पिळली जाऊ लागली, आणि तेथे तयार झालेली पोरे पुढे आपापले बार काढून बसली.