केडगावची पंडिता

पंडिता रमाबाईंचे नाव आपल्यापैकी बहुतेकांनी शाळेच्या पुस्तकात वाचलेले असते. शारदा सदन, मुक्ती सदन, विधवांचे शिक्षण. परीक्षेपुरते एवढे पुरते. यंदा ग्रंथालयातून त्यांचे चरित्र घेतले आणि शहापूर ते सापगाव एवढ्याशा एस.टी.च्या प्रवासात रोज थोडे थोडे वाचले. समाजसुधारक रमाबाईंवर पुष्कळांनी लिहिले आहे. मला लिहावेसे वाटते ते निराळ्याच गोष्टीवर. ही बाई जन्मभर धर्मग्रंथांच्या संगतीत राहिली, आणि ग्रंथ तोंडपाठ असणे व ग्रंथ अंगात मुरणे यांत किती अंतर असते हे तिला स्वतःच्या आयुष्यातून कळले होते.

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजी सध्याच्या कर्नाटकातील गंगामूळ येथे, सह्याद्रीच्या रानात झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे मोठे विद्वान. बायकांना संस्कृत शिकवू नये असे मानणाऱ्या त्या काळात त्यांनी पत्नी लक्ष्मीबाईंना शिकवले, आणि लक्ष्मीबाईंनी मुलीला. पुढे सारे कुटुंब तीर्थयात्रेला निघाले ते कायमचेच. देवळात, नदीच्या घाटावर बसायचे, पुराण वाचायचे आणि लोक जे ठेवतील त्यावर पोट भरायचे. भागवताचे हजारो श्लोक रमाबाईंना लहानपणीच पाठ झाले. ऐकणारे पुण्य मिळावे म्हणून ऐकत, फुले आणि पैसे वाहत आणि उठून जात. अर्थ सांगण्याची गरज ना वाचणाऱ्याला वाटे, ना ऐकणाऱ्याला. ही गोष्ट रमाबाईंनी पुढे स्वतःच लिहून ठेवली आहे.

मग दुष्काळ आला. १८७४ च्या सुमारास आई, वडील आणि थोरली बहीण थोड्या थोड्या काळाने गेली. एवढे पाठांतर, एवढी व्रते, आणि शेवटी उपासमार! भाऊ श्रीनिवास आणि रमाबाई पायी भारतभर फिरत १८७८ मध्ये कलकत्त्याला पोचले. तिथल्या पंडितांनी त्यांची परीक्षा घेऊन ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या. तेव्हा त्या वीस वर्षांच्या होत्या, म्हणजे माझ्याहून फक्त एका वर्षाने मोठ्या. पुढची चार वर्षे भराभर गेली. १८८० मध्ये भाऊ वारला, त्याच वर्षी बिपिनबिहारी मेधावी यांच्याशी नोंदणी पद्धतीने विवाह झाला, १८८१ मध्ये मुलगी मनोरमा झाली आणि १८८२ मध्ये पती गेले. रमाबाई पुण्याला आल्या, त्यांनी आर्य महिला समाज स्थापन केला आणि १८८३ मध्ये त्या इंग्लंडला गेल्या.

इथला एक प्रसंग मी दोनदा वाचला. लंडनजवळ फुलहॅम येथे ख्रिस्ती भगिनींचे एक घर होते. समाजाने ‘पतित’ म्हणून टाकलेल्या स्त्रियांची तिथे मायेने सेवा होई. अशा बायकांना जवळ करणे कोणत्या धर्मात बसते, असा प्रश्न रमाबाईंना पडला. उत्तर म्हणून त्यांना योहानाच्या शुभवर्तमानातली शोमरोनी स्त्रीची गोष्ट सांगण्यात आली. भर दुपारी एकटीच विहिरीवर आलेली एक बदनाम बाई, आणि तिच्याकडे पाणी मागणारा येशू. ही गोष्ट आमच्याकडच्या बायकांना समजावून सांगावी लागणार नाही. मुंबईला पाणी पाजणारी धरणे आमच्या शहापूर तालुक्यात आहेत आणि चैत्र-वैशाखात पाड्यांवर टँकरची वाट पाहावी लागते. पाण्याला बायका सकाळी घोळक्याने जातात. जी दुपारी एकटी जाते, तिच्यामागे काहीतरी असते. रमाबाईंसारख्या विदुषीला वादविवादाने कोणी जिंकले नाही. विहिरीवरच्या या बाईने जिंकले असे मला वाटते.

२९ सप्टेंबर १८८३ रोजी वाँटेज येथे त्यांनी मनोरमेसह बाप्तिस्मा घेतला. पण धर्म बदलला म्हणून गुरुजनांचे सगळे डोळे मिटून मान्य केले, असे झाले नाही. चर्चच्या मतांवरही त्या प्रश्न विचारीत, पत्रांतून भांडत. खरा विश्वास आपल्याला बाप्तिस्म्यानंतर जवळजवळ आठ वर्षांनी लाभला असे त्यांनी स्वतः नमूद केले आहे. धर्म सापडला होता, पण ख्रिस्त सापडायचा होता, असा त्याचा आशय. इतके प्रामाणिकपणे लिहिणारी माणसे कोणत्याही धर्मात थोडीच!

मधल्या काळात अमेरिकेतून मदत उभी करून त्यांनी ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन काढले व पुढल्या वर्षी ते पुण्यास हलवले. सदनाची पहिली विधवा विद्यार्थिनी गोदूबाई, म्हणजे पुढे महर्षी कर्व्यांच्या पत्नी झालेल्या आनंदीबाई. सदनात धर्माची सक्ती करायची नाही असे ठरले होते. परंतु रमाबाई आपल्या खोलीचे दार उघडे ठेवून प्रार्थना करीत आणि काही मुली येऊन बसत. १८९३ मध्ये यावरून पुण्यात मोठे वादळ झाले. रानडे, भांडारकर यांच्यासारखे हितचिंतक सल्लागार मंडळातून बाहेर पडले, पालकांनी मुली काढून नेल्या. माझे घराणे वारकरी, तेव्हा पालकांची भीती मी समजू शकते. विश्वासाने मुलगी सोपवावी आणि तिने वेगळाच देव धरावा, हे कोणत्या आईबापांना रुचेल? पण प्रार्थना करताना दार लावून घ्यावे, असे रमाबाईंना का वाटले नसेल तेही समजते. लपवण्यासारखे त्यांना त्यात काही दिसतच नव्हते.

१८९६ च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या आणि सुमारे तीनशे मुली व विधवा घेऊन आल्या. मला वाटते, त्यांना त्या मुलींमध्ये १८७४ सालची स्वतःची बहीण दिसली असेल. पुणे-दौंड रेल्वेमार्गावरील केडगावला जमीन घेतलेली होती, तिथे मुक्ती सदन उभे राहिले. १९०० च्या गुजरातच्या दुष्काळानंतर तिथली संख्या दोन हजारांच्या घरात गेली. एवढ्या जणींचे रोजचे दळण, भाकरी, पाणी डोळ्यांपुढे आणून पाहा! मागावर विणणे, तेल काढणे, शेती, गाईगुरे, छापखाना, सगळे बायकाच करीत. रमाबाई साधे पांढरे लुगडे नेसत आणि जन्मभर शाकाहारी राहिल्या. विहिरीवरच्या त्या बाईसारख्यांसाठी कृपा सदन निघाले. आंधळ्यांच्या घराला शुभवर्तमानातल्या आंधळ्या बार्तीमयावरून नाव दिले आणि मनोरमेने तिथे ब्रेल लिपी शिकवली. वाचलेली गोष्ट पुस्तकात राहू द्यायचीच नाही, तिचे घर बांधायचे, असा जणू नेम होता.

आता त्यांच्या शेवटच्या कामाविषयी. मराठी बायबल आधीपासून होते. सेरामपूरहून विल्यम कॅरी यांनी १८११ मध्येच नवा करार छापला होता. पण प्रचलित भाषांतरातली संस्कृतप्रचुर मराठी नुकत्याच अक्षर शिकलेल्या बाईला कळत नाही, हे रमाबाईंना केडगावी रोज दिसत होते. आमच्या गावात श्रावणात पोथी लागते. एक जण ओवी वाचतो, दुसरा अर्थ सांगतो. माझी आजी ओवीला हात जोडते, पण कान टवकारते ते अर्थाला. रमाबाईंना अर्थ सांगणारा दुसरा माणूस मध्ये नको होता. बाईने स्वतः वाचावे आणि तिला स्वतःला कळावे. ज्ञानेश्वरांनी शके १२१२ मध्ये गीतेसाठी जे केले, त्याच जातीचे हे काम.

त्यासाठी त्या उतारवयात मूळ हिब्रू आणि ग्रीक भाषा शिकल्या. ज्या संस्कृतने त्यांना ‘सरस्वती’ केले, तिचेच जड शब्द त्या एकेक करून बाजूला काढीत बसल्या. यात त्यागही आहे आणि थोडा हट्टही. मुळाला शब्दशः धरून राहिल्यामुळे त्यांची वाक्ये पुष्कळ ठिकाणी अवघडली, आणि मंडळ्यांमधून जुने भाषांतरच चालू राहिले. सोपे करावे आणि तंतोतंत करावे, ही दोन्ही ओझी एकाच खांद्यावर घेतली की असे होणारच.

जवळजवळ अठरा वर्षे हे काम चालले. २४ जुलै १९२१ रोजी, वयाच्या चाळिसाव्या वर्षी मनोरमा वारली. आईच्या पश्चात सदन तिनेच पाहायचे होते. रमाबाईंची प्रकृतीही तेव्हा ढासळलेली होती. तरी त्या मुद्रिते तपासत राहिल्या. ते काम हातावेगळे झाले आणि ५ एप्रिल १९२२ रोजी त्यांचे निधन झाले. संपूर्ण बायबल १९२४ मध्ये मुक्तीच्याच छापखान्यातून बाहेर पडले. त्याचे खिळे जुळवणाऱ्या, पाने छापणाऱ्या स्त्रियांपैकी कित्येक जणी केडगावला आल्या, तेव्हा त्यांना एक अक्षरही येत नव्हते.