पायरीपाशीचा स्वर : संत चोखामेळा

आषाढी एकादशीच्या पुण्यपर्वावर आम्हां बुलढाणेकरांचे मन पंढरीआधी मेहुणाराजाकडे धाव घेते. देऊळगावराजा तालुक्यातील हे गाव परंपरेने संत चोखामेळा यांचे जन्मस्थान मानले जाते.

महार कुळात जन्मलेले चोखोबा पुढे मंगळवेढ्यास राहिले. संत नामदेवांच्या सहवासात त्यांना भक्तिमार्ग लाभला. ज्या विठुरायाचे गुण त्यांनी जन्मभर गायिले, त्याच्या राउळात मात्र त्यांना प्रवेश नव्हता. त्यांचे सुमारे ३५० अभंग आज उपलब्ध आहेत. पत्नी सोयराबाई, भगिनी निर्मळा, मेहुणे बंका आणि पुत्र कर्ममेळा हेही अभंगकर्तेच. सोयराबाईंचा अभंग किशोरी आमोणकरांच्या कंठातून घरोघरी पोहोचला.

इ. स. १३३८ मध्ये मंगळवेढ्याचे गावकूस बांधताना ते कोसळून चोखोबांचा अंत झाला. अस्थींतून उमटणाऱ्या विठ्ठलनामावरून नामदेवांनी त्या ओळखल्या, अशी भाविकांची श्रद्धा आहे. पंढरपुरी महाद्वारासमोर त्यांची समाधी झाली. ते द्वार अस्पृश्य मानलेल्या बांधवांना उघडले, ते साने गुरुजींच्या उपोषणानंतर, १९४७ साली.

या कुटुंबाचे आर्त अभंग आम्ही आवडीने गातो. विटाळाच्या कल्पनेला आणि प्रत्यक्ष देवालाही जाब विचारणारे अभंग मात्र मागे ठेवतो. गाथा प्रिय म्हणावयाची, तर ती संपूर्ण गावी. आज टाळ हाती घेताना तेवढे तरी आपण करू या.