शाळा सोडणारे मुख्याध्यापक

(बी. ए. द्वितीय वर्ष)

शाळेची आठवण निघाली की कठोर माणूसही जरा हळवा होतो. आपल्या वार्षिकांकात शाळेवर एखाद-दुसरा लेख आला, की तो आपण सगळ्यांत आधी वाचतो. पटांगणातले लिंबाचे झाड, परिपाठाची घंटा, रंग उडालेला फळा, वरून रागीट पण मनाने प्रेमळ गुरुजी, ही शिदोरी आपल्या प्रत्येकाच्या गाठीशी आहे. पण शाळेवर प्रेम करायचे म्हणजे नेमके काय करायचे? नुसती आठवण काढली म्हणजे ऋण फिटते का? हा प्रश्न मला गेले वर्षभर पडलेला आहे. त्याचा विचार करताना जे नाव पुन्हा पुन्हा माझ्यापुढे आले, ते आपल्या सर्वांच्या गुणपत्रिकेवर छापलेले आहे. ते नाव म्हणजे स्वामी रामानंद तीर्थ.

आपण त्यांना हैदराबाद मुक्तिसंग्रामाचे सेनानी म्हणून ओळखतो. मराठवाड्यातील शाळांत १५ ऑगस्ट आणि २६ जानेवारीप्रमाणे १७ सप्टेंबरलाही झेंडावंदन होते. आमच्या शाळेत त्या दिवशी कार्यालयातली खुर्ची बाहेर आणून तिच्यावर भगव्या वस्त्रांतल्या स्वामीजींची तसबीर ठेवीत. आम्ही मुली झेंडूचा हार करीत असू. तसबिरीतले स्वामीजी मला लहानपणी एखाद्या मठाचे महाराज वाटत. पुढे त्यांचे चरित्र वाचले तेव्हा समजले, की हा संन्यासी मुळात एक शिक्षक होता. तोही खेड्यातल्या शाळेचा मुख्याध्यापक. आणि नवल असे, की शाळेवर एवढा जीव असलेल्या या माणसाने आयुष्यात दोनदा शाळा सोडली. एकदा विद्यार्थी म्हणून आणि एकदा मुख्याध्यापक म्हणून.

स्वामीजींचे मूळ नाव व्यंकटेश खेडगीकर. जन्म ३ ऑक्टोबर १९०३ रोजी सिंदगी येथे झाला. हे गाव आज कर्नाटकातील विजयपूर जिल्ह्यात आहे. म्हणजे मराठवाड्याने ज्याला आपला म्हटले, तो माणूस कन्नड मुलखात जन्मलेला होता. शिक्षणासाठी ते सोलापूरला आले. १ ऑगस्ट १९२० रोजी लोकमान्य टिळकांचे निधन झाले, तेव्हा त्यांना सतरावे वर्ष पुरेही झाले नव्हते. त्या वयात त्यांनी जन्मभर अविवाहित राहून देशाची सेवा करण्याचा निश्चय केला. वर्गातली कितीतरी मुले त्या दिवशी हळहळली असतील. पण हळहळ आणि निश्चय यांत फार अंतर असते.

पाठोपाठ महात्मा गांधींचे असहकाराचे आवाहन आले. सरकारी शाळा-महाविद्यालयांवर बहिष्कार घाला, असा त्याचा एक भाग होता. व्यंकटेशने शाळा सोडली.

या एका वाक्याचे मोल आमच्यासारख्या घरातल्या मुलांना जास्त कळते. आमच्या घरात महाविद्यालयाची पायरी चढणारी मी पहिलीच. माझा शाळा सोडल्याचा दाखला वडिलांनी पत्र्याच्या पेटीत, शिधापत्रिकेबरोबर प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून ठेवला आहे. त्यातले एक अक्षरही त्यांना वाचता येत नाही, पण पावसात घर गळू लागले की ती पेटी आधी हलते. शाळेचा कागद म्हणजे गरिबाचा सातबारा. सरकारी परीक्षेचा कागद म्हणजे त्या काळी नोकरीची हमी. साधारण घरातल्या मुलाने तो सोडून देणे म्हणजे पुढची वाट आपल्या हाताने पुसून टाकणे होय.

व्यंकटेशने सरकारी शाळा सोडली, पण शिक्षण सोडले नाही, हे मात्र ध्यानात ठेवले पाहिजे. खानदेशात अमळनेरला राष्ट्रीय शाळा होती, तिथे ते शिकले. पुढे पुण्याच्या टिळक महाराष्ट्र विद्यापीठात त्यांनी उच्च शिक्षण घेतले. राष्ट्रीय शाळा म्हणजे सरकारची मान्यता आणि अनुदान न घेता लोकांच्या वर्गणीवर चाललेली शाळा. तिथे मातृभाषेला मान असे. सूतकताई, व्यायाम, स्वावलंबन यांना पाठ्यपुस्तकाइतकेच स्थान असे. मात्र तिथून बाहेर पडणाऱ्याला सरकारी नोकरीचे दार बंदच. शिक्षण पुरे झाल्यावर ते कामगार पुढारी ना. म. जोशी यांच्याबरोबर काम करू लागले. मुंबई-दिल्लीचे मोठे वर्तुळ त्यांना खुले झाले होते. पण प्रकृतीने साथ दिली नाही, आणि १९२९ मध्ये ते एका आडगावी येऊन पोहोचले. ते गाव म्हणजे हिप्परगा.

हिप्परगा आज धाराशिव जिल्ह्यातील लोहारा तालुक्यात आहे. लातूर जिल्हा १९८२ मध्ये वेगळा झाला, त्यापूर्वी लातूर आणि हिप्परगा एकाच जिल्ह्यात होते. म्हणजे ही आपल्याच मुलखातली गोष्ट आहे. या खेड्यात व्यंकटराव देशमुख आणि अनंतराव कुलकर्णी यांनी १९२१ मध्ये राष्ट्रीय शाळा काढली होती. निजामाच्या राज्यात ही केवढी हिंमत होती, हे समजण्यासाठी त्या काळाकडे पाहिले पाहिजे. हैदराबाद संस्थानात बहुसंख्य प्रजा तेलुगू, मराठी आणि कन्नड बोलणारी होती, पण दरबाराची भाषा उर्दू. १९१८ मध्ये निघालेल्या उस्मानिया विद्यापीठाचे माध्यमही उर्दूच. घरी मराठी बोलणाऱ्या कुणब्याच्या पोराला वरच्या इयत्तेत गणित आणि इतिहास परक्या भाषेत शिकावा लागे. खाजगी शाळा काढायची तर सरकारची परवानगी लागे, सभा घ्यायची तरी परवानगी लागे. उर्दू ही गोड भाषा आहे, आणि तिच्याशी कोणाचे वैर नव्हते. पण मूल ज्या भाषेत पहिला प्रश्न विचारते, ती भाषाच वर्गातून हद्दपार झाली, तर ते मूल प्रश्न विचारणेच सोडून देते. म्हणूनच औरंगाबादचे सरस्वती भुवन, गुलबर्ग्याचे नूतन विद्यालय, हैदराबादची विवेकवर्धिनी, नांदेडचे प्रतिभा निकेतन अशा शाळा त्या काळात लोकांना केवळ शाळा वाटत नसत. त्या त्यांना आपला हक्काचा उंबरठा वाटत.

अशा शाळेचे मुख्याध्यापकपद व्यंकटेशरावांनी हिप्परग्यात स्वीकारले. पुण्याच्या विद्यापीठाचा पदवीधर, मजूर चळवळीत वावरलेला, इंग्रजी उत्तम जाणणारा तरुण. अशा माणसाने खेड्यातल्या मुलांना शिकवायला बसावे, याचे आज आपल्याला आश्चर्य वाटते, कारण आपण शिकतो तेच मुळी खेड्यातून बाहेर पडण्यासाठी. १९३० नंतरच्या त्या आरंभीच्या वर्षांतच, हिप्परग्याला असताना, त्यांनी संन्यास घेतला आणि ते स्वामी रामानंद तीर्थ झाले. संन्यास घेतलेला माणूस हिमालयाची वाट धरतो, असा आपला समज. पण या संन्याशाने वर्गाचीच वाट धरली. भगवी वस्त्रे नेसून खडू हाती धरणारा मुख्याध्यापक मी मनाशी पाहू लागते, तेव्हा मला वाटते, की त्यांनी घर सोडले पण शाळा हेच घर केले.

पुढे १९३५ च्या सुमारास ते अंबाजोगाईला आले. तेव्हा या गावाचे सरकारी नाव मोमिनाबाद होते. मराठी शिकणाऱ्या आपल्यासारख्यांना हे गाव आद्यकवी मुकुंदराजांचे आणि दासोपंतांचे म्हणून ठाऊक आहे. तिथल्या योगेश्वरी विद्यालयाचे ते मुख्याध्यापक झाले. बाबासाहेब परांजपे यांच्यासारखे जिवाला जीव देणारे सहकारी त्यांना लाभले. शाळा नावारूपाला आली. आता स्वामीजींचे आयुष्य इथेच, मुलांच्या गराड्यात सरावे, असे कोणालाही वाटले असते.

पण बाहेर वारे बदलत होते. १९३७ मध्ये परतूरला महाराष्ट्र परिषदेचे पहिले अधिवेशन झाले. दुसरे अधिवेशन १९३८ मध्ये आपल्या लातूरला भरले. संस्थानातल्या मराठी माणसाचे गाऱ्हाणे प्रथमच एका व्यासपीठावरून मांडले जात होते, आणि स्वामीजी त्यात ओढले गेले. त्याच वर्षी हैदराबाद स्टेट काँग्रेस स्थापन होण्यापूर्वीच निजाम सरकारने तिच्यावर बंदी घातली. त्याच वर्षी औरंगाबाद आणि हैदराबादच्या विद्यार्थ्यांनी वसतिगृहात वंदे मातरम् म्हणण्याच्या हक्कासाठी लढा दिला, आणि शेकडो मुलांना शिक्षणावर पाणी सोडावे लागले. त्यांपैकी अनेकांना नागपूर विद्यापीठाने आसरा दिला. पी. व्ही. नरसिंह राव त्यांतलेच एक. आपल्या वयाची मुले शाळा-कॉलेजातून काढली जात असताना शिक्षकाने काय करावे? स्वामीजींनी अंबाजोगाईची शाळा सोडली. १९३८ च्या ऑक्टोबरात त्यांनी सत्याग्रह केला आणि ते तुरुंगात गेले.

विद्यार्थी असताना शाळा सोडणे एक वेळ सोपे. अंगात रग असते, पाठीमागे ओढणारे काही नसते. पण स्वतः वाढवलेली शाळा सोडणे म्हणजे पोटचे मूल दुसऱ्याच्या ओटीत घालण्यासारखे आहे. तेव्हा त्यांचे वय पस्तीस होते. त्यांना शाळा जड झाली म्हणून त्यांनी ती सोडली, असे मला वाटत नाही. वर्गात मुलांना ताठ उभे राहायला शिकवायचे आणि वर्गाबाहेर मान खाली घालून चालायचे, हा दुटप्पीपणा त्यांना सोसवला नसावा. मुलांना शिकवलेला धडा शिक्षकाला स्वतः गिरवावा लागतो. त्यांचे काही सहकारी आणि विद्यार्थीही पुढे लढ्यात आले, ते याच ओढीने.

त्यानंतरचा इतिहास आपण पाठ्यपुस्तकांतून शिकलो आहोत, म्हणून थोडक्यात सांगते. १९४० मध्ये त्यांनी वैयक्तिक सत्याग्रह केला, पुन्हा तुरुंग. १९४७ मध्ये ते स्टेट काँग्रेसचे अध्यक्ष असताना भारत स्वतंत्र झाला, पण निजामाने सामील होण्यास नकार दिला. १५ ऑगस्ट १९४७ ला सारा देश आनंदात होता, तेव्हा तिरंगा उभारणाऱ्या स्वामीजींना अटक झाली. पुढे रझाकारांचा काळ आला. नांदेड, बीड, उस्मानाबादकडच्या गावागावांत त्या काळाच्या गोष्टी म्हाताऱ्या माणसांनी नातवंडांना सांगितल्या आहेत. अखेर १३ सप्टेंबर १९४८ ला भारतीय सेना संस्थानात शिरली आणि १७ सप्टेंबरला हैदराबाद मुक्त झाले.

विजयी सेनानीने आता सत्तेच्या खुर्चीकडे जावे, अशी जगाची रीत. स्वामीजी लोकसभेवर निवडून गेले, भाषावार प्रांतरचनेसाठी झटले, पण मंत्रिपदाच्या मागे लागले नाहीत. या सगळ्या धामधुमीत त्यांनी एक गोष्ट केली, ती मला सगळ्यांत मोलाची वाटते. १९५० मध्ये, मुक्तीला दोन वर्षेही होत नाहीत तोच, त्यांच्या पुढाकाराने नांदेडला पीपल्स कॉलेज उभे राहिले. नरहर कुरुंदकरांसारखा विचारवंत पुढे तिथेच प्राध्यापक आणि प्राचार्य झाला. १९३८ मध्ये ज्याने शाळा सोडली, तो बारा वर्षांनी कॉलेज घेऊन परत आला. म्हणजे त्यांनी शाळा सोडली होती असे तरी कसे म्हणावे?

२२ जानेवारी १९७२ रोजी हैदराबादला स्वामीजींचे निधन झाले. मागे घरदार नाही, शेतीवाडी नाही. १७ सप्टेंबर १९९४ रोजी नांदेडला त्यांच्या नावाचे विद्यापीठ स्थापन झाले. नांदेड, लातूर, परभणी आणि हिंगोली या जिल्ह्यांतली आपण सारी मुले आज त्याच्या छत्राखाली शिकतो. ज्याने सरकारी परीक्षेचा कागद नाकारला, त्याचे नाव आपल्या प्रत्येक कागदावर आहे.

आता माझ्या मूळ प्रश्नाकडे येते. ज्या शाळेने मला लिहायला-वाचायला शिकवले, त्या माझ्या गावच्या जिल्हा परिषद शाळेचा पट दरवर्षी घटतो आहे. ज्यांना थोडेफार परवडते, ते पिवळ्या बसमधून मुलांना तालुक्याला धाडतात. त्यांना नावे ठेवण्याचा मला अधिकार नाही. आपल्या लातूरच्या शिकवण्यांचे नाव तर दूरदूर गाजते आहे. बाहेरगावची मुले भाड्याच्या खोलीत, डब्याच्या जेवणावर दिवस काढून गुण मिळवतात. गुण हवेतच, त्यांच्यावाचून गरिबाला वाट नाही. पण गुण मिळवून गाव सोडलेला माणूस गावच्या शाळेकडे पुन्हा कधी वळतो? माजी विद्यार्थी मेळाव्याला फेटा बांधून फोटो काढण्यापुरता?

स्वामीजींच्या चरित्रातून मला एवढे समजले, की शाळेचे ऋण शाळेत बसून राहून फिटत नाही आणि तिच्या आठवणीत रमूनही फिटत नाही. तिने जे शिकवले ते बाहेर जाऊन जगावे, आणि हाती जे येईल ते घेऊन परत यावे. कॉलेज काढण्याइतकी आपली कुवत नाही. पण गावी गेल्यावर सुट्टीत चौथीच्या मुलांना वाचन शिकवण्याइतकी आहे. गेल्या दिवाळीपासून मी आमच्या शाळेच्या ओसरीवर सकाळी तासभर ते करते. सात मुले येतात. त्यांतल्या दोघींच्या आया पहिल्या दिवशी दाराशीच थांबल्या होत्या. आता त्याही पाटी घेऊन बसतात.

मित्र-मैत्रिणींनो, आपल्यापैकी प्रत्येकाची एक शाळा आहे. १७ सप्टेंबर दरवर्षी येतो. त्या दिवशी तसबिरीला हार घालून झाल्यावर आपापल्या शाळेच्या वर्गातही एकदा डोकावून यावे, एवढेच मागणे.